विहिरीत पाणी नव्हतं : बायबलमधली माणसं आणि कादंबरीकार

(नगर इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी एक प्रश्न घेतला आहे.)



आयोजकांनी विषय कळवला तेव्हा फोन ठेवता ठेवता एक वाक्य हळूच जोडलं होतं, "सर, जरा सांभाळून बोला." विषय असा, की बायबलमधल्या व्यक्तींचं आयुष्य नव्याने कल्पून लिहिलेल्या कादंबऱ्या कशा वाचायच्या. सांभाळून म्हणजे काय ते मला कळतं. इथे रविवारी चर्चला जाणारे आहेत, वारीला जाणारे आहेत, आणि कुठेच न जाणारेही आहेत. ज्या माणसांच्या नावाने कुणी रोज प्रार्थना करतं, त्यांना कादंबरीकार हात लावतो तेव्हा पोटात कालवाकालव होते. तिची चेष्टा करायला मी आलेलो नाही. तरी तिथेच थांबायचं का, एवढं बघायचं आहे.

सुरुवात माझ्या आजीपासून करतो. आजी नेवासे तालुक्यातली. तिचं वाचन म्हणजे बायबल आणि उपासना संगीत, बाकी काही नाही. रात्री आम्हा नातवंडांना योसेफाची गोष्ट सांगायची. भाऊ योसेफाचा झगा काढून घेतात आणि त्याला विहिरीत टाकतात. मूळ शब्दाचा अर्थ खड्डा, पाण्याचं टाकं असाही होतो, पण आजी विहीरच म्हणायची. उत्पत्तीच्या 37 व्या अध्यायात तिथे दोनच बारीक गोष्टी सांगितल्यात. एक, ती कोरडी होती, पाणी नव्हतं. दोन, त्याला आत टाकून भाऊ जेवायला बसले. बास. योसेफ आतून ओरडला का, रडला का, त्या अध्यायात एक अक्षर नाही.

आजी मात्र तिथे थांबायची. म्हणायची, "कोरडी हीर म्हंजी दिस उन्हाळ्याचं असणार. पोरगं वर बघून हाका मारतंय, आन् ह्ये भाकरी मोडत्यात." आणि मग गप्प बसायची. नगर जिल्ह्यातल्या माणसाला कोरडी विहीर समजावून सांगावी लागत नाही.

पुढे मी मोठा झालो, स्वतः वाचायला लागलो, तेव्हा मला वाटलं की आजीने त्या हाका पदरच्या घातल्या. मग 42 वा अध्याय नीट वाचला. तिथे दुष्काळ पडलाय, भाऊ धान्यासाठी मिसरात आलेत, अडचणीत सापडलेत. आणि आपापसात म्हणतात की तो गयावया करत होता आणि आपण ऐकलं नाही, त्याचंच हे फळ. म्हणजे हाका होत्या! बायबलने त्या पाच अध्याय दाबून धरल्या होत्या. ज्या दिवशी भावांना ऐकू आल्या नाहीत, त्या दिवशी वाचकालाही ऐकू येऊ दिल्या नाहीत. आजीने 42 व्या अध्यायातली गोष्ट उचलून 37 व्यात, तिच्या जागी ठेवली. पदरचं काहीच घातलं नव्हतं.

मंडळी, आजचं माझं सगळं म्हणणं या एका उदाहरणात आहे. बायबल फार कमी शब्दांत गोष्ट सांगतं. कादंबरीकार त्या न बोललेल्या जागेत शिरतो. तो मूळ मजकूर कान देऊन ऐकतो का, आणि त्याची कादंबरी मिटून आपण परत मूळ पान उघडलं तर ते पान आधीपेक्षा जास्त बोलतं का? ही माझी परीक्षा. भक्ती आहे की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

बायबलच्या या कमी बोलण्यावर एरिक आउअरबाख या जर्मन समीक्षकाने 1946 च्या 'मायमेसिस' या ग्रंथात पहिलंच प्रकरण लिहिलंय. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडावं लागलेला हा यहुदी माणूस, इस्तंबूलमध्ये बसून लिहीत होता. तो होमर आणि बायबल शेजारी ठेवतो. होमर सगळं उजेडात सांगतो, जखमेचा व्रणसुद्धा. आणि अब्राहाम इसहाकाला बळी द्यायला घेऊन निघतो तेव्हा तीन दिवसांच्या वाटेवर काय झालं, बापलेक काय बोलले, जवळजवळ काही नाही. सगळं अंधारात. आउअरबाख म्हणतो, हा अंधारच वाचकाला अर्थ लावायला भाग पाडतो. माझी आजी आउअरबाख न वाचता तेच करत होती.

आणि योसेफाची ती विहीर! थॉमस मान याने 'योसेफ आणि त्याचे भाऊ' ही कादंबरी चार भागांत लिहिली, 1933 ते 1943 या काळात ते भाग प्रसिद्ध झाले. उत्पत्तीतले काही अध्याय, त्याची हजारावर पानं. सुरुवातच विहिरीच्या प्रतिमेने होते. योसेफ तीन दिवस विहिरीत पडून आहे आणि तिथे पहिल्यांदा त्याला कळतं की आपण बापाचे लाडके होतो, तो लाड भावांसमोर मिरवत होतो, हे त्यांना कसं झोंबलं असेल. लाडावलेला पोरगा विहिरीत मरतो आणि दुसराच कुणी बाहेर येतो. हे बायबलात लिहिलेलं नाही. पण पुढे हाच योसेफ भावांना क्षमा करतो, ते बायबलात आहे. ती क्षमा कुठून आली याचं उत्तर मान शोधतोय. आणि लक्षात घ्या, ज्या वर्षांत जर्मनीत यहुद्यांना माणसातून उठवण्याचं काम चालू होतं, त्याच वर्षांत एक जर्मन लेखक यहुद्यांच्या पूर्वजांची गोष्ट इतक्या मायेने लिहीत होता.

आता कुणी म्हणेल, हे पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्याकडे कशाला? तर इथे मला जरा आपल्या मातीकडे वळायचंय. पवित्र ग्रंथ घ्यायचा आणि आपल्या भाषेत, आपल्या छंदात, आपल्या माणसांसाठी नव्याने सांगायचा, हे याच जिल्ह्यात, नेवाशाला, 1290 साली झालं. ज्ञानदेवांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्या सांगितल्या. त्याच ओवीत, सव्वातीनशे वर्षांनी, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने 'क्रिस्तपुराण' लिहिलं. 1616 साली ते छापलं. आदामापासून ख्रिस्तापर्यंत, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. आणि पुढे या आपल्या नगरात राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक 'ख्रिस्तायन' लिहायला बसले. दहा-अकरा अध्याय झाले आणि 1919 मध्ये ते गेले. उरलेलं लक्ष्मीबाईंनी उचललं. पुढचे 64 अध्याय त्यांनी रचले. ज्या बाईला लग्नाच्या वेळी अक्षरओळखही नव्हती, तिने! त्यांच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

शिवाय कीर्तन. नगर भागातल्या ख्रिस्ती मंडळींत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी 1880 च्या सुमारास आपली मराठी कीर्तनं सुरू केली. योसेफ, मोशे ही माणसं झांजा-पेटीच्या साथीने मराठीत बोलायला लागली. आख्यान रंगवायचं म्हणजे कल्पनेने भर घालावीच लागते, हे कीर्तनकाराला कुणी शिकवावं लागत नाही. तेव्हा कल्पनेची भर हा प्रकार आपल्याला नवा नाही.

पण इथे एक फरक प्रामाणिकपणे मान्य करू. कीर्तनकार भर घालतो ती श्रद्धेच्या आतून, शेवट कुठे करायचा हे त्याला ठाऊक असतं. आधुनिक कादंबरीकाराला शेवट ठाऊक नसतो, किंवा तो बदलायला तयार असतो. अस्वस्थता तिथे आहे.

दुसरा एक युक्तिवाद नेहमी ऐकायला मिळतो. 'मृत्युंजय' चालते, 'ययाति' चालते, मग बायबलवरची कादंबरी का चालू नये? शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967 ची. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण, प्रत्येकजण आपल्या तोंडाने बोलतो. मराठी घराघरात ती पोचली. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. हे खरं आहे, तरी तुलना पुरती बसत नाही. महाभारत इथे सगळ्यांच्या मालकीचं आहे. एकाने कर्ण बिघडवला तर दुसरे दहा कर्ण आहेत. आपल्या जिल्ह्यातला ख्रिस्ती माणूस मात्र संख्येने थोडा. बहुतेकांचे पूर्वज महारवाड्यातून, मांगवाड्यातून आले. त्यांना जे पुस्तक हातात मिळालं, ते वाचायला शिकणं आणि माणूस म्हणून उभं राहणं या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. त्या पुस्तकावर बाहेरच्याने ओरखडा काढला तर तो नुसता साहित्याचा प्रश्न राहत नाही, उद्या गावात कुणीतरी तेच तोंडावर फेकतं. ही भीती खरी आहे. समीक्षकाने ती हसण्यावारी नेली तर त्याने माणसंच वाचली नाहीत असं मी म्हणेन.

आणि 'मृत्युंजय'कडून दुसरा एक धडा घेण्यासारखा आहे. कर्णाचा कैवार घेणाऱ्या प्रत्येक लेखकाची अडचण होते ती द्यूतसभेत. द्रौपदीबद्दल कर्ण तिथे जे बोलतो ते कुठे ठेवायचं? नायकावर प्रेम जडलं की तो डाग हलका करावासा वाटतो. त्याच 1967 साली इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आलं. इरावतीबाईंनी कर्णाला ती सूट दिली नाही. त्याचं दुःख समजून घेतलं आणि त्याचा हीनपणाही मोजला. 'मृत्युंजय' वाचून कर्ण आवडतो, 'युगान्त' वाचून तो कळतो. माझ्या मते ही कसोटी बायबलवरच्या कादंबऱ्यांना जशीच्या तशी लागते.

लावून बघू. अनिता डायमंट यांची 'द रेड टेंट', 1997 ची. याकोबाची मुलगी दीना हिची गोष्ट. उत्पत्तीच्या 34 व्या अध्यायात दीनावर शखेम नावाचा तरुण बळजबरी करतो, मग तिच्याशी लग्न करू पाहतो. तिचे भाऊ शिमोन आणि लेवी कपटाने त्या नगरातल्या सगळ्या पुरुषांची कत्तल करतात. पूर्ण अध्यायात दीना एक शब्द बोलत नाही. तिच्याबद्दल सगळे बोलतात. शेवट भावांच्या प्रश्नावर होतो, आमच्या बहिणीच्या अब्रूचं काय? बहिणीला कुणी विचारत नाही. डायमंट तिला बोलतं करतात. बायकांचा तंबू, बाळंतपणं, सुईणी, आईच्या आणि मावश्यांच्या आठवणी, हे सगळं भरून वाहतं. जगभर लाखो बायकांनी ती वाचली, त्यात नवल नाही.

पण मोक्याच्या जागी त्या काय करतात? बळजबरीच काढून टाकतात. दीनाचं त्या राजपुत्रावर प्रेम होतं, असं कादंबरी सांगते. म्हणजे दीनाला आवाज दिला आणि तिच्यावर जे घडलं ते पुसलं. भाऊ जास्त दुष्ट झाले, ती जास्त सुखी झाली, आणि मूळ अध्यायातला जो प्रश्न आपल्याला झोपू देत नाही तो सुटून गेला. अत्याचार झालेल्या मुलीच्या नावाने पुरुष आपसात सूड उगवतात आणि तिला कुणी विचारत नाही, हे दृश्य आपल्या जिल्ह्याला, महाराष्ट्राला अनोळखी आहे का? मूळचे ते थोडके शब्द मला कादंबरीपेक्षा जास्त धारदार वाटतात. इथे कादंबरी हरली.

आता उलट उदाहरण. पेर लागरक्विस्त, स्वीडिश लेखक, 'बरब्बा', 1950. पुढच्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. चारही शुभवर्तमानांत बरब्बा आहे, पण मोजक्या ओळींपुरता. लोकांनी बरब्बाला सोडा म्हटलं, येशूला क्रुसावर दिलं. नंतर बरब्बाचं काय झालं? कादंबरी इथून सुरू होते. आपण सगळे रूपकाने म्हणतो, तो माझ्यासाठी मेला. जगात एकच माणूस असा, की ज्याच्या बदल्यात तो अक्षरशः मेला. आणि त्यालाच विश्वास ठेवता येत नाही! तो क्रुसापाशी जाऊन बघतो, शिष्यांच्या आसपास घुटमळतो, खाणीत गुलाम म्हणून साहाक नावाच्या ख्रिस्ती माणसाशी एका साखळीने बांधला जातो. गळ्यातल्या गुलामीच्या बिल्ल्यावर ख्रिस्ताचं नाव कोरून घेतो, आणि अधिकाऱ्याने विचारल्यावर कबूल करतो, विश्वास नाही, विश्वास ठेवायची इच्छा आहे. साहाक कबुली देतो आणि क्रुसावर जातो. बरब्बा दुसऱ्यांदा वाचतो.

या कादंबरीत मूळ मजकुराची एक रेषही खोडलेली नाही. आणि तरी ती वाचल्यावर उत्तम शुक्रवारचं वाचन पुन्हा पूर्वीसारखं ऐकता येत नाही. "बरब्बाला सोडा" हे शब्द आले की तो सुटलेला माणूस गर्दीतून कुठे चाललाय ते दिसत राहतं. श्रद्धावान वाचकाला ती आपल्या शंकेची सोबत देते आणि अश्रद्ध वाचकाला श्रद्धेची ओढ दाखवते. इथे कादंबरी जिंकली.

मधली उदाहरणं अवघड असतात. जुझे सारामागो यांची 1991 ची येशूवरची कादंबरी पोर्तुगालमध्ये इतकी गाजली की सरकारने तिला एका युरोपीय पारितोषिकाच्या यादीतून काढलं, आणि सारामागो देश सोडून स्पेनच्या बेटावर राहायला गेले. तिच्यातला एक प्रश्न मला बाजूला सारता येत नाही. हेरोद बेथलेहेमातली बाळं मारणार हे योसेफाला, म्हणजे मरियेच्या पतीला, कळलं. त्याने आपलं मूल वाचवलं. शेजाऱ्यांना का नाही सांगितलं? संडे स्कूलमधलं एखादं चौकस पोर हा प्रश्न विचारतंच. सारामागोचा योसेफ ते ओझं जन्मभर वाहतो, रात्री दचकून उठतो. एवढा भाग थोर आहे. पुढे मात्र लेखक देवावर खटला भरतो आणि निकाल आधीच लिहून आणलेला असतो. कादंबरीकार वकील झाला की माणसं साक्षीदार होतात, माणसं राहत नाहीत. हे भक्ताच्या कादंबरीत जितकं होतं तितकंच नास्तिकाच्या.

आणि सगळ्यात दुखरी जागा, कोल्म टोयबीन यांची 2012 ची 'द टेस्टामेंट ऑफ मेरी'. छोटीशी. म्हातारी मरिया, इफिस नगरात. दोन माणसं तिच्याकडून मुलाची हकिकत लिहून घ्यायला येतात, आणि त्यांना हवं ते ती बोलत नाही. मुलाचं नावही तिला उच्चारवत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात ती क्रुसाजवळ उभी आहे. ही मरिया सांगते, मी शेवटपर्यंत थांबले नाही, जीव वाचवून पळाले.

इथून श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव किती लांब? सप्टेंबरमध्ये मतमाउलीच्या यात्रेला लाखांनी माणसं जमतात. नवस फेडायला बाया चालत येतात, त्यात सगळ्या ख्रिस्तीच असतात असंही नाही. त्या बाईला मी हे पुस्तक देईन का? मी स्वतःला हा प्रश्न बरेच दिवस विचारला. तिची मतमाउली उभी राहिली, म्हणून ती स्वतःच्या दुःखात उभी राहते. पळालेली आई तिला काय कामाची? आणि तरी, ज्या आईने पोराचं प्रेत पाहिलं, आणि मग इतरांनी येऊन त्याच्या मरणाचा अर्थ तिला समजावला, त्या आईचा राग टोयबीनने खरा पकडलाय. मोर्चात, दंगलीत मुलगा गमावलेल्या आईला लोक हुतात्म्याची आई म्हणतात. तिला तो हुतात्मा नको असतो, मुलगा हवा असतो. मला ही कादंबरी अपुरी वाटते, कारण तिच्यात रागाखेरीज दुसरा सूर फारसा नाही. खोटी मात्र वाटत नाही.

आता लक्ष्मीबाईंकडे. मगाशी म्हटलं, त्यांनी 'ख्रिस्तायन' पुरं केलं. पण आजच्या विषयासाठी मला त्यांचं दुसरं पुस्तक जास्त उपयोगी वाटतं, 'स्मृतिचित्रे'. 1934 पासून ते भागांनी आलं. नगरच्या ख्रिस्ती समाजात टिळक म्हणजे संतकवी. त्यांची पदं आजही उपासनेत गातात. आणि घरच्या बाईने त्यांचं चित्र कसं काढलंय? हा माणूस रागीट, लहरी, पैसा हातात न टिकणारा, न सांगता निघून जाणारा. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ती पंढरपुरात माहेरच्या माणसांच्या आधाराने काही वर्षं त्यांच्यावाचून राहिली. तो विरह तिने लपवला नाही, आणि हसूही लपवलं नाही. वाचून टिळक लहान झाले का? उलट, त्या हसण्यातूनच त्यांचं मोठेपण पटतं, कारण ते जवळून बघितलेलं आहे. ओट्यावरून नव्हे, चुलीपाशी बसून.

म्हणजे बघा, पूज्य माणसाला माणूस म्हणून कसं वाचायचं याचा धडा नगरकरांना परदेशातून आणायची गरज नाही. तो आपल्या घरात आहे. ज्या वाचकाने 'स्मृतिचित्रे' वाचून टिळकांवरचं प्रेम वाढवलं, त्याला 'बरब्बा' वाचायची भीती का वाटावी? आणि लेखकालाही तिथूनच अट लागू होते. लक्ष्मीबाईंनी चेष्टेचा हक्क मिळवला, कारण त्या त्या माणसाबरोबर जगल्या, त्याच्यामुळे सोसलं, आणि त्याचं अर्धवट राहिलेलं काम खांद्यावर घेतलं. बायबलच्या माणसांशी ज्याने असं नातं जोडलं, तो आस्तिक असो नास्तिक असो, त्याने खुशाल लिहावं.

शेवटी एक इच्छा बोलून दाखवतो. बाबा पदमनजींनी 1857 मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. लेखक ख्रिस्ती, पण त्यांनी नायिका बायबलातली घेतली नाही, इथल्या विधवांचं दुःख घेतलं. योग्यच केलं. आता कुणीतरी उलटा प्रवास करावा, इथलं दुःख घेऊन बायबलात शिरावं. हागारेपर्यंत जावं. सारेची दासी. मालकिणीला मूल होईना म्हणून तिला मालकाकडे दिली. मालकिणीला मूल झालं तसं पोरासकट हाकलून दिली. सोबत भाकरी आणि पाण्याची एक पखाल. रानात पाणी संपतं. पोराचं मरण बघवत नाही म्हणून ती त्याला झुडपाखाली ठेवून लांब जाऊन बसते. ऊसतोडीला कोप्यांमधून फिरलेली एखादी बाई हे लिहील तेव्हा ते टोयबीनला आणि डायमंटला लिहिता येणार नाही असं असेल.

आणि बायबल म्हणतं, तेव्हा देवाने तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. आजीच्या योसेफाची विहीर कोरडी होती. हिच्या विहिरीत पाणी होतं. ते तिने पोराला कसं पाजलं, पहिल्यांदा स्वतः प्याली की त्याला पाजलं, त्या वेळी तिला मालकिणीचा राग आठवला का, यातलं पुष्कळ काही लिहिलेलं नाही. ते लिहायला जागा आहे.



प्रश्न (मागच्या रांगेतल्या एक मावशी) : सर, तुम्ही एवढं सांगितलं. पण माझी नात कॉलेजात आहे, तिने 'लास्ट टेम्प्टेशन' घरी आणलंय. तिला वाचू द्यावं का?

उत्तर : मावशी, ती आता तुमच्या परवानगीसाठी थांबलेली नसणार. (हशा) काझान्तझाकिसची ती कादंबरी आहे. तिच्यात क्रुसावरच्या येशूला शेवटचा मोह पडतो तो संसाराचा, घर, बायको, मुलंबाळं, शांत म्हातारपण. आणि तो मोह झटकून तो क्रुसावर परत येतो, हे लोक विसरतात. त्यावर वाद खूप झाले, पण शेवटचं पान वाचल्याशिवाय झालेले वाद जास्त. माझं ऐकाल तर तिला वाचू द्या, आणि वाचून झालं की शेजारी बसवून विचारा, "आता मत्तयाचं शुभवर्तमान वाच, आणि काय वेगळं दिसलं ते मला सांग." तिला काही वेगळं दिसलं तर पुस्तक कामी आलं. नाहीच दिसलं, तर वाचनालयात परत करायची तारीख चुकवू नका.